दिल्लीची लोकर, लडाखची थंडी

दिल्लीत बदलून आलेल्या मराठी माणसाला इथल्या थंडीची ओळख जरा उशिराच होते. हुकूम हातात पडतो तो बहुधा एप्रिल-मेमध्ये. पहिले चार महिने उन्हाळ्याला आणि लूला नावे ठेवण्यात जातात. आणि नोव्हेंबर उलटला की देशाहून आणलेली सोलापुरी चादर इथे काही कामाची नाही, हे एका रात्रीत कळून चुकते. मग शेजारच्या पंजाबी गृहिणी मदतीला येतात. आमच्या लहानपणी विनयनगरच्या सरकारी क्वार्टरांपुढील हिरवळीवर दुपारच्या उन्हात बायकांच्या ज्या बैठका भरत, त्यांत कित्येक मराठी बायकांनी मोठ्या माणसाचा स्वेटर विणण्याची विद्या संपादन केली. तोवर त्यांना लोकरीचे काम ठाऊक होते ते बाळंतविड्यापुरते: कुंची, टोपडे आणि अंगठ्याएवढे पायमोजे. अडतीस इंची छातीचा स्वेटर ही दिल्लीची देणगी होय. ती क्वार्टरे आता बहुतेक पाडली गेली आहेत आणि विनयनगर हे नावही जुन्या लोकांच्याच तोंडी उरले आहे.

१९६२ साली या बैठकांना अचानक निराळे वळण लागले, आणि त्याविषयी लिहावे असे आमच्या मनात पुष्कळ दिवस होते. त्या वर्षीच्या युद्धाचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. सेनापतींच्या चुका, मंत्र्यांचे भ्रम, नकाशावरच्या रेषा, यांची चर्चा साठ वर्षे चालली आहे व पुढेही चालेल. परंतु त्या महिन्या-दीड महिन्यात दिल्लीच्या शाळांतील मुलांनी आणि घरोघरच्या आयांनी जी गाठोडी बांधली, त्यांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. इतिहासाच्या साधनांत गाठोड्याची गणना होत नाही. आम्हांला मात्र असे वाटत आले आहे की, राज्यव्यवस्थेत नेमके कोठे छिद्र पडले होते, हे दाखवून देणारा गाठोड्याइतका प्रामाणिक कागद दुसरा नसेल.

सैनिकाला घरच्या लोकांनी काही बांधून पाठवावे, ही गोष्ट त्या वर्षी प्रथम घडली असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात १९१४ च्या नाताळाला इंग्लंडच्या राजकन्या मेरी यांच्या नावाने पितळेच्या छोट्या डब्या आघाडीवरील सैनिकांना वाटण्यात आल्या. राजकन्येचे वय तेव्हा १७ वर्षांचे. लोकांनी वर्गणी दिली, आणि साडेतीन लाखांहून अधिक डब्या त्या एका सणाला रवाना झाल्या. गोऱ्या सैनिकांच्या डबीत तंबाखू, सिगारेटी आणि शुभेच्छांचे पत्र असे. फ्रान्सच्या चिखलात तेव्हा लाहोर आणि मीरत या हिंदी डिव्हिजनही लढत होत्या. त्यांच्यासाठी ज्या समितीने याद्या केल्या, तिचा बारकावा आम्हां कचेरीतील लोकांना कौतुकास्पद वाटावा असा आहे. गुरख्यांना गोऱ्यांप्रमाणेच डबी द्यावी. शीख तंबाखू ओढीत नाहीत, सबब त्यांच्या डबीत खडीसाखर भरावी व सोबत मसाल्याची एक टिनाची डबी द्यावी. इतर हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाले. पाणी वाहणाऱ्या भिश्तींना मसाल्याची डबी. त्या यादीत साम्राज्याचा दर्प आहे, आणि उतरंडही आहे. तरीही, घेणारा कोण आहे याचा विचार देण्यापूर्वी केला होता, एवढे मान्य करावेच लागते.

आपल्या मराठी पलटणींच्या वाट्याला फ्रान्सपेक्षा मेसोपोटेमिया अधिक आला. सहाव्या, म्हणजे पुण्याच्या, डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या, आणि त्या तिन्ही कूत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात सापडल्या. मुंबई इलाख्यात लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने युद्धनिधीची महिला शाखा कपडे, पट्ट्या आणि खाऊच्या वस्तू गोळा करून मेसोपोटेमियाकडे धाडीत होती. बसऱ्याच्या बंदरापर्यंत सारे सुरळीत पोचे. बसऱ्यापासून कूतपर्यंत मात्र पोचण्याचा मार्ग उरला नव्हता. ७ डिसेंबर १९१५ ला पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत उठला नाही. शेवटच्या पंधरवड्यात विमानांतून पिठाची पोती टाकण्यात आली. जगात वेढलेल्या फौजेला असे आकाशातून अन्न पुरविण्याचे ते आरंभीचे उदाहरण समजतात. त्याआधी धान्य दळण्यासाठी जात्याचे दगडही वरून टाकले गेले होते. विमाने हलकी, ओझे थोडे, नेम कच्चा. कित्येक पोती टायग्रिस नदीत पडली आणि काही तुर्कांच्या खंदकात. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या ज्या शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास नकार दिला व जे दातांच्या हिरड्या सुजून खंगले, त्यांनी आपल्या वाट्याचे पीठ डोळ्यांदेखत नदीत बुडताना पाहिले असेल. हा प्रसंग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याची आठवण होणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाची कथा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. १९३९ च्या अखेरीस लंडनच्या इंडिया हाउसमध्ये हिंदी सैनिकांसाठी एक मदतनिधी उभा राहिला. इंग्रज बायकांनी मोजे विणले, आणि जर्मनी-इटलीच्या छावण्यांत अडकलेल्या आपल्या कैद्यांसाठी आटा, डाळ व तूप भरलेली पार्सले लाखांच्या हिशेबाने रेडक्रॉसमार्फत गेली. शत्रूच्या तुरुंगातील हिंदी माणसाला तूप पोचते करण्याची व्यवस्था साधली होती. त्याच काळात, १९४३ साली, बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली. ही दोन वाक्ये एकाशेजारी एक लिहिताना लेखणी अडखळते, पण दोन्ही खरी आहेत.

आता १९६२ कडे येतो.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी पहाटे नामका चू नदीच्या काठी आणि लडाखमध्ये एकाच वेळी चिनी हल्ला झाला. नामका चूवर सातवी ब्रिगेड होती व तिचे प्रमुख होते ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी. या नावातच त्यांचे महाराष्ट्राशी नाते उमटले आहे. हल्ल्यानंतर दोन दिवसांनी ते शत्रूच्या हाती पडले आणि १९६३ च्या मे महिन्यात सुटून आले. १९६९ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक दिल्लीत बरेच गाजले व बऱ्याच जणांना झोंबले. त्यांनी व इतरांनी वर्णिलेली स्थिती अशी: मैदानातून घाईघाईने वर चढविलेल्या पलटणींच्या अंगावर सुती गणवेश होते, पायांत कॅनव्हासचे बूट होते, आणि पुष्कळांजवळ पांघरायला एखादे ब्लँकेट. नदीचे खोरे दहा हजार फुटांवर, वाटेवरील खिंड सोळा हजारांवर. रसद विमानाने त्सांगधर नावाच्या उतारावर टाकली जाई. तो उतार अरुंद, भोवती दऱ्या, आणि दुपारनंतर ढग. पॅराशूटला बांधलेली किती तरी पेटी-पोती दरीत गेली ती कोणाच्या हाती लागली नाहीत. टायग्रिसमध्ये बुडालेल्या पिठानंतर ४६ वर्षांनी हा दुसरा प्रसंग. फरक एवढाच की, या वेळी विमाने आपली होती आणि डोंगरही आपले होते.

हल्ल्यानंतर आठवड्यावर दिवाळी होती. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. आमच्या ओळीत त्या वर्षी फटाके वाजले नाहीत. फराळ झाला, पण मातोश्रींनी अनरशांचा घाट घातला नाही एवढे स्मरते. राष्ट्रीय संरक्षण निधीत लोक पैसे व सोने देऊ लागले. रक्त देण्यासाठी रांगा लागल्या. नोव्हेंबरात श्रीमती इंदिरा गांधी यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय नागरिक परिषद नेमली गेली. आणि लोकर! जवानांजवळ गरम कपडे नाहीत ही बातमी ज्या दिवशी घरोघर पोचली, त्या दिवसापासून दिल्लीच्या बाया जिथे बसतील तिथे विणू लागल्या. बसच्या थांब्यावर, रेशनच्या रांगेत, शाळेच्या फाटकाशी. कोणी सांगितले म्हणून त्यांनी हे केले, असे आम्हांला वाटत नाही. सोने देण्यासाठी सोने असावे लागते. लोकरीचे काम प्रत्येकीच्या हातात होते.

शाळांतून हे काम मुलांकडे आले. आमच्या वर्गात मुलींना सुया मिळाल्या. मुलांना लोकरीच्या लड्या सोडवून गुंडे करण्याचे काम मिळाले, आणि त्याबद्दल आम्ही फार नाराज होतो. शेवटी एका बाईंनी आम्हां चौघांना चार सुयांवर पायमोजा घालायला शिकविला. दोन सुलट, दोन उलट. घोटा येईपर्यंत सारे सोपे, टाच आली की डोळ्यांत पाणी. आमच्या मोज्याची टाच वाकडी झाली ती झालीच. बाईंनी तो उसवला नाही. ‘राहू दे, पाय आत गेला की सरळ होईल,’ एवढेच त्या म्हणाल्या. मोजे, हातमोजे, कानटोप्या व काही स्वेटर असे मिळून आमच्या वर्गाचे एक गाठोडे झाले. प्रत्येक वस्तूच्या आत टाचणीने एक चिठ्ठी लावायची होती. चिठ्ठीत काय लिहावे यावर वर्गात मोठी चर्चा झाली. हिंदीत लिहावे हे ठरले. पण मराठी पलटणीच्या हाती पडले तर, अशी शंका आम्ही काढली, आणि आमच्या चिठ्ठीखाली मराठीत एक ओळ अधिक लिहिण्याची परवानगी मिळविली.

त्या दिवसांतला घरचा एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वडील केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. कोणत्या, याला महत्त्व नाही. ते रात्री उशिरा घरी येत. एकदा ते जेवायला बसले असता मातोश्री शेजारी बसून विणत होत्या. त्यांनी हातातले काम न थांबविता विचारले, ‘अहो, तुमच्या सरकारजवळ स्वेटर नाहीत का हो?’ वडिलांनी उत्तर दिले नाही. ते हट्टी नव्हते, रागीटही नव्हते. त्यांना उत्तर ठाऊक नव्हते, असे आम्हांला आज वाटते. त्यांनी ताटात पाणी फिरविले आणि उठले.

विणलेली वस्तू दिल्लीहून सैनिकाच्या अंगावर कशी जाते, याचा विचार आम्ही तेव्हा केला नव्हता, आणि फारच थोड्या मोठ्यांनी केला असावा. जिन्नस शाळेतून एखाद्या समितीकडे, तिथून लष्कराच्या भांडारात, तिथून पूर्वेकडे न्यायचा तर रेल्वेने आसामात, आणि उत्तरेकडे न्यायचा तर पठाणकोट-श्रीनगरवरून लेहकडे. सीमेवरील रस्त्यांची संघटना स्थापन होऊन तेव्हा अवघी अडीच वर्षे झाली होती. तिचा जन्म ७ मे १९६० चा. झोजी-लाची खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद. उरले विमान. ऑक्टोबरच्या अखेरीस विमानदलाच्या एएन-१२ विमानांनी चंदीगडहून रणगाडेसुद्धा चुशूलच्या धावपट्टीवर उतरविले, ही त्या युद्धातील अभिमानास्पद गोष्ट होय. पण अशा विमानात प्रत्येक शेराचा हिशेब असतो. तोफगोळे, रेशन, औषधे आणि वाकड्या टाचेचे मोजे यांची तिथे तुलना होते, आणि ती तुलना मोज्यांच्या बाजूने लागणे कठीण. शिवाय घरगुती स्वेटर निरनिराळ्या मापांचे आणि रंगांचे. लाल लोकरीचा स्वेटर बर्फावर घालून बसणे म्हणजे शत्रूला खूण करणे. आम्ही लोकांच्या उत्साहाचा उपहास करीत नाही. त्या उत्साहात आमचाही एक मोजा होता. तथापि १९१४ च्या त्या साम्राज्यवादी समितीने गुरख्याला काय व भिश्त्याला काय याची यादी आधी केली होती, तशी यादी आमच्यापुढे कोणी ठेवली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घटना फार वेगाने घडल्या. १८ तारखेला रेझांग-ला पडले. पूर्वेकडे से-ला व बोमडिला हातचे गेले. कृष्ण मेनन ७ तारखेलाच मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते. २१ तारखेला यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे वाक्य त्या आठवड्यापासून मराठी माणसाच्या तोंडी बसले. दिल्लीतील आम्हां मराठी मंडळींची छाती त्या वाक्याने किती फुगली, हे सांगणे नको. सह्याद्री पोचला तेव्हा लढाई थांबली होती, हा भाग वाक्यात येत नाही.

युद्धबंदी झाली आणि आमच्या वर्गाचे गाठोडे जाण्याचे राहिले. ते कोणी मुद्दाम अडविले नाही. परीक्षा आली, नाताळची सुटी आली, गाठोडे पोचवायचे ज्यांच्याकडे होते त्यांची बदली झाली. ते शाळेच्या एका कपाटात डांबराच्या गोळ्यांसह ठेवले गेले. युद्ध संपले म्हणजे थंडी संपली, असा काही समज सर्वांचाच झाला असावा. सीमेवरचे जवान खाली आले नव्हते. जानेवारी तर पुढेच होता. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे ते गीत गायिले. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातील चितळकरांची. ऐकून पंडितजींचे डोळे पाणावले ही हकीकत सर्वश्रुत आहे. आम्ही ते गीत रेडिओवर ऐकले आणि आमचेही डोळे पाणावले. कपाटातल्या गाठोड्याची आठवण मात्र तेव्हाही झाली नाही.

त्याच हिवाळ्यात एक गाठोडे मात्र खरोखर पोचले, आणि तेही सर्वांत अवघड जागी. सुमारे चार हजार भारतीय सैनिक तिबेटात चीनच्या कैदेत होते. भारतीय रेडक्रॉसने त्यांच्यासाठी पार्सले पाठविली. त्यांतील जिनसांची यादी तोफखान्यातील एका तरुण अधिकाऱ्याने पुढे आपल्या आठवणींत दिली आहे. प्रत्येकास दोन पुडकी. एकात गरम कपडे: बंडी, जर्सी, मफलर, टोपी, बूट, टॉवेल. दुसऱ्यात दुधाचे डबे, जॅम, लोणी, साखर, आटा, डाळ, वाळलेले वाटाणे, मीठ, चहा, बिस्किटे, सिगारेटी, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, आणि साठ्यांची चॉकलेटे. साठ्यांची! पुण्याच्या कारखान्यातील ती वडी तिबेटातील कैदखान्यात एका शिपायाने कागद सोडून तोंडात टाकली असेल, या कल्पनेने आम्हांला आजही काहीसे भरून येते. पण यादी नीट वाचली म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. ऑक्टोबरात ज्यांच्या अंगावर सुती कपडे होते, त्यांना जर्सी, मफलर आणि बूट हे सारे प्रथम एकत्र मिळाले ते शत्रूच्या कैदेत. पलटणीला जे देता आले नव्हते, ते कैद्याला देता आले. कारण कैद्यापर्यंतची शेवटची मजल चिनी गाडीने गाठून दिली.

दिल्लीपासून रेवाडी सुमारे ८० किलोमीटर. आज ती राजधानी परिसरात मोडते आणि तिथून रोज माणसे दिल्लीत नोकरीला येतात. रेझांग-लावर ज्यांनी मेजर शैतानसिंह यांच्या हाताखाली शेवटपर्यंत झुंज दिली, ती १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी बहुतांशी या भागातील अहीर शेतकऱ्यांच्या मुलांची होती: रेवाडी, गुडगाव, नारनौल. सुमारे १२० जणांपैकी शंभराहून अधिक तिथेच पडले. सोळा हजार फुटांहून उंच ती जागा. मैदानात वाढलेली ती पोरे, आणि अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते. तीन महिने कोणाला नीट काही कळले नाही. १९६३ च्या फेब्रुवारीत एका मेंढपाळामुळे शोध लागला, तेव्हा प्रेते गोठलेली, जागच्या जागी, कित्येकांच्या हातांत बंदुका तशाच. शुश्रूषा करणाऱ्या एका शिपायाच्या हातात सुई आणि पट्टी. मेजर शैतानसिंहांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. रेवाडीत आज त्यांचे स्मारक आहे. ते पाहावयास आम्ही फार उशिरा गेलो. नावांची यादी वाचताना जे मनात आले ते असे की, आम्ही विणत होतो त्या मैदानाच्या एका टोकाला ही गावे होती. तिथल्या आयांनाही कोणी तरी लोकर दिली असेल. आणि त्यांनी विणलेले कोणत्या कपाटात राहिले असेल?

२ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत पराभवाच्या चौकशीविषयी निवेदन केले. मूळ अहवाल प्रसिद्ध झाला नाही. निवेदन मात्र जपून ठेवावे असे आहे. सामग्रीची एकंदर टंचाई होती हे त्यांनी मान्य केले. परंतु अमुक वस्तू देशात कोठेच नव्हती असे दर वेळी नव्हते, असेही त्यांनी सांगितले. मुख्य अडचण अशी की, सामान मैदानाच्या शेवटच्या टोकापर्यंत, क्वचित त्याच्याही पुढे नेता येत असे; तिथून आघाडीवरच्या तुकड्यांपर्यंत ते वेळेवर पोचविणे, विमानाने, जनावरांवर किंवा माणसांच्या पाठीवर, हे काम निराळे होते. त्यात फौजा मैदानातून उंच पहाडात फार घाईने चढविल्या आणि रस्ते नव्हते. निवेदनाची भाषा संयमी आहे. कोणाचे नाव घेऊन दोष दिलेला नाही. ज्यांना सरकारी मसुदे वाचण्याची सवय आहे, त्यांना त्या संयमाखाली काय दडले आहे ते समजेल.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वडिलांनी ते निवेदन वाचले. दोनदा वाचले. मग पत्र मातोश्रींपुढे ठेवले आणि त्या जागेवर बोट दाखविले. त्यांनी वाचून घडी घातली व म्हणाल्या, ‘म्हणजे, होते तर.’

यानंतरच्या गोष्टी झपाट्याने सांगता येतील, कारण त्या चांगल्या आहेत आणि चांगल्या गोष्टींचा इतिहास लांबत नाही. १९६४ ते १९६९ ची संरक्षण योजना आखली गेली; सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि पहाडात लढण्यास तयार केलेल्या दहा डिव्हिजन, हे तिचे उद्दिष्ट. कपडे शिवणारे कारखाने वाढत्या कामाला लागले. शाहजहानपूरचा तो जुना कारखाना, जो १९१४ पासून गणवेश शिवीत आला होता, त्यालाही उसंत राहिली नाही. महाविद्यालयांत राष्ट्रीय छात्रसेना १९६३ पासून सक्तीची झाली. त्या वेळी दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू चिंतामणराव देशमुख होते, हा योगायोगही मराठी वाचकांना आवडेल. सक्ती फार टिकली नाही. १९६८ साली ती उठली, आणि दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सक्तीने कवायत होते, मोजा विणला जात नाही, असे आमचे मत आहे. पण ज्यांनी ती कवायत केली त्यांचे मत निराळे असू शकते. १९६६ मध्ये सैनिकांच्या पत्नींची कल्याण संघटना स्थापन झाली आणि घरून जाणाऱ्या मदतीला एक कायमची वाट मिळाली. १९६५ साली पंजाबातील व दिल्लीच्या बाजूच्या स्टेशनांवर जवानांच्या गाड्यांना लोकांनी पुऱ्या, चहा आणि फळे दिली. आघाडी मैदानात होती, हात पोचत होता. १९९९ मध्ये कारगिलची लढाई पुन्हा उंच पहाडात झाली, आणि दिल्लीच्या मुलांनी पुन्हा पत्रे लिहिली. ती पत्रे जाण्याचा मार्ग मात्र आता निश्चित होता.

त्या मार्गाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण दिल्लीत राहूनही तो आपल्याला ठाऊक नसतो. सैनिकाला पत्र किंवा पार्सल पाठविताना गावाचे, खिंडीचे, चौकीचे नाव लिहावयाचे नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, आणि खाली ‘मार्फत ५६ ए. पी. ओ.’, पूर्वेकडील फौजांसाठी ‘९९ ए. पी. ओ.’ पहिल्याची सारी टपाल दिल्लीतील लष्करी टपालाच्या मुख्य ठाण्यात येते, दुसऱ्याची कोलकात्यात. तिथे बसलेल्या लोकांना पलटण आज कोठे आहे हे माहीत असते; पाठविणाऱ्याला माहीत नसते, असावेही लागत नाही. मुलाला पत्ता द्यावा लागत नाही, त्याने फक्त विश्वास टाकायचा. १९७२ पासून या कामासाठी लष्करात स्वतंत्र टपाल कोअर आहे. सियाचिनवर १९८४ पासून जे जवान राहत आले आहेत त्यांना घरचे पत्र मिळते ते याच वाटेने, शेवटचा टप्पा हेलिकॉप्टरने किंवा माणसाच्या पाठीवरून. अलीकडे दिल्लीच्या शाळांतून राखीच्या सुमारास मुले लिफाफे तयार करतात. आमच्या नातीने एकदा विचारले की आत चॉकलेट घालावे का. वितळेल, असे आम्ही म्हणालो. मग साठ्यांची गोष्ट आठवली आणि घाल म्हणालो.

आमच्या वर्गाच्या गाठोड्याचे शेवटी काय झाले, ते सांगावयाचे राहिले. १९६३ च्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतर, कपाट आवरताना ते सापडले. वडिलांनी निवेदनात बोट दाखविल्यापासून ते घरी फारसे बोलत नसत. गाठोड्याची हकीकत आम्ही त्यांना सांगितली तेव्हा ते दुसऱ्या दिवशी रजा टाकून शाळेत गेले. त्यांनी मोजे, कानटोप्या, स्वेटर मोजून यादी केली, लाल व पिवळे रंग बाजूला काढले, आणि उरलेले पोत्यात शिवून, छावणीत कोणाकडे द्यावे याची चौकशी करून, सायकलीच्या मागे बांधून स्वतः नेले. परत आल्यावर त्यांच्या हातात पोचपावती होती. जिनसांची संख्या, तारीख आणि एक न वाचता येणारी सही. बाजूला काढलेल्या लाल लोकरीचे मातोश्रींनी पुढे आमच्या धाकट्या बहिणीचे स्वेटर केले. वाकड्या टाचेचा मोजा हिरव्या लोकरीचा होता, म्हणून तो गेला. चिठ्ठीवरची मराठी ओळ कोणी वाचली की नाही, ते कळण्यास मार्ग नव्हता.